वर्गात राजकारण आलं की प्राध्यापकाने काय करावं?

आडवाट

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. या विषयात राजकारणाला हात लावायचा नाही असं ठरवलं तर फळा कोराच ठेवावा लागेल. कर, अनुदानं, किमान वेतन, महागाई, बेरोजगारी. यातल्या एकेका शब्दावर निवडणुका लढल्या जातात आणि सरकारं पडतात. तरी सध्या सगळीकडून एकच सल्ला कानावर येतो, 'सर, सिलॅबस संपवा, बाकीच्या भानगडीत पडू नका.' सल्ला देणारे माझ्या भल्याचंच सांगतात. पण तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

एका तासाचं सांगतो. बेरोजगारी कशी मोजतात ते शिकवत होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे, ज्या आठवड्याची पाहणी होते त्या आठवड्यात माणसाने मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी त्याची गणना रोजगार असलेल्यांत होते. हे फळ्यावर लिहिलं आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. एकाने हात वर केला, 'सर, मग सरकार सांगतं तो आकडा खोटा का?' मी दोन रकाने आखले. एकीकडे या व्याख्येमुळे काय कळतं ते: देशादेशांची तुलना करता येते, वर्षानुवर्षांचा कल दिसतो. दुसरीकडे काय निसटतं ते: पूर्णवेळ काम हवं असून थोड्या तासांवर भागवणारा, आणि शोधून शोधून थकल्यामुळे काम शोधणंच सोडून दिलेला. म्हटलं, आकडा खोटा नाही, पण त्याला जेवढं विचारलंय तेवढंच तो सांगतो. मुलगा खाली बसेना. 'ते कळलं सर. पण तुम्हाला काय वाटतं? धोरण चुकतंय की नाही?' तेवढ्यात तिसऱ्या बाकावर कोणीतरी मोबाइल वर धरला.

मी मत सांगितलं. धोरण चुकतंय असं मला का वाटतं त्याची कारणं दिली, त्यातलं सगळ्यात कच्चं कारण कोणतं तेही सांगितलं, आणि म्हटलं आता कोणीतरी हे खोडून काढा. दोघी जणी उठल्या आणि त्यांनी चांगलं तासून काढलं. स्टाफरूममध्ये मात्र मला बोलणी बसली की कशाला विस्तवाशी खेळता.

माझं म्हणणं असं आहे. प्राध्यापकाने वर्गात मत मांडलं की नाही यावरून काहीच ठरत नाही. त्याच्या मताच्या बरोबर उलट उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात का, यावरून ठरतं. मिळत असतील तर त्या वर्गात राजकारण खुशाल यावं. मिळत नसतील तर प्राध्यापक वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसला तरी तो वर्ग मोकळा नाही. तुम्हाला काय वाटतं?

पालवी

तुमचा वर्ग तसा असेलही. माझ्या मुलीचा ऐका. विषय रसायनशास्त्र. सर आले की आधी सकाळच्या बातम्या. कोणता नेता कसा लबाड, त्याला मत देणारे कसे अडाणी, हे सगळं रंगवून झालं की उरलेल्या वेळात अभिक्रिया घाईघाईने उरकायच्या. मुलांनी उठून जावं तर हजेरी जाते. उलट बोलावं तर प्रॅक्टिकलचे गुण त्यांच्याच हातात. सभेत वक्ता आवडला नाही तर माणूस उठून घरी जातो. ही मुलं जाणार कुठे?

आणि गैरसमज नको म्हणून सांगते, सरांची राजकीय मतं आमच्या घरातल्या मतांशी बऱ्यापैकी जुळतात. तरीही मला हे अजिबात चालत नाही.

आडवाट

पालवीताई, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. आपल्या बाजूचा माणूस बोलत असतानाही ज्याला हे खटकतं त्याच्याशीच या विषयावर बोलण्यात अर्थ आहे.

तुमचा आक्षेप जुना आणि रास्त आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१७ साली म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात हेच कारण दिलं होतं. व्याख्यानगृहात विद्यार्थ्याला गप्प बसून ऐकावं लागतं, पुढच्या वाटचालीसाठी त्या प्राध्यापकाकडे यावंच लागतं, आणि प्रतिवाद करायला तिथे कोणी नसतं. अशा जागी पुढारीपण करणं हा बेजबाबदारपणा आहे. ज्याला ते करायचंय त्याने रस्त्यावर जावं, जिथे उलट बोलणारे असतात. पण त्याच भाषणात त्यांनी शिक्षकाचं पहिलं कामही सांगितलं: विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षाला अडचणीची ठरणारी तथ्यं स्वीकारायला शिकवणं. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

अमेरिकेतल्या प्राध्यापक संघटनेने कॉलेजांच्या संघटनेबरोबर १९४० मध्ये काढलेलं निवेदनही असंच आहे. आपल्या विषयाची चर्चा करताना वर्गात स्वातंत्र्य हवं, मात्र विषयाशी संबंध नसलेल्या वादग्रस्त गोष्टी आणण्याबाबत जपून असावं. १९७० मध्ये त्यावर खुलासा आला की वादग्रस्त ते टाळा असा याचा अर्थ नाही, आक्षेप आहे तो विषयाबाहेरचं वारंवार घुसडण्याला. तुमच्या मुलीचे सर त्यात सरळ सरळ बसतात. रोज सकाळी त्यांनी क्रिकेटवर तेवढाच वेळ घालवला असता तरी अभिक्रिया तेवढ्याच बुडाल्या असत्या. पण क्रिकेटवर वेगळं मत असलेल्या मुलाला 'अडाणी' ऐकावं लागलं नसतं, म्हणून हे जास्त वाईट.

गणकयंत्र

एवढा ऊहापोह कशाला? तथ्यं शिकवा, मतं घरी ठेवा. मी गणित शिकवतो. आजवर मला ही अडचण कधी आली नाही.

शंखपुष्पी

गणकयंत्र, तुमचा विषय अजून कोणाच्या नजरेत आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. आनुवंशिकी शिकवणाऱ्यांनाही तसंच वाटत असणार. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत कृषी विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नाकारणाऱ्या लायसेन्को या कृषितज्ज्ञाची मतं अधिकृत ठरली आणि मेंडेलचं शास्त्र वर्गातून आणि प्रयोगशाळेतून हद्दपार झालं. प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, अभ्यासक्रम बदलले. जगभर फिरून पिकांचं बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव्ह तर त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मेले. वाटाण्याच्या पिढ्या मोजणं हे काही राजकीय भाषण नव्हतं. सत्तेने ते राजकीय ठरवलं. कोणतं तथ्य 'मत' आहे हे ठरवण्याचा अधिकार एकदा वरच्यांच्या हातात गेला की घरी काय ठेवायचं ते तुम्ही ठरवत नाही.

मी इतिहास शिकवून निवृत्त झाले. पालवीताईंनी सांगितलं तसे बडबडे प्राध्यापक मी पाहिले, पण ते थोडे. त्याहून कितीतरी जास्त पाहिले ते गप्प झालेले. माझ्या विभागातले तरुण सहकारी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध आला की 'वेळ कमी आहे' म्हणायचे, तो भाग मुलांना घरी वाचायला सांगायचे, आणि त्यावर प्रश्न काढायचे नाहीत. प्रश्न येणार नाही म्हटल्यावर मुलंही वाचायची नाहीत. कोणी बंदी घातली नव्हती, कुठलं परिपत्रक नव्हतं. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ते प्रकरण जसंच्या तसं छापलेलं होतं. जास्त बोलणाऱ्या प्राध्यापकाची तक्रार होते, बातमी होते. जो भाग शिकवलाच नाही त्याची तक्रार कोण करणार? ज्या मुलाला तो कधी कळलाच नाही, तो?

मला याची जास्त धास्ती वाटते.

मागचाबाक

मी विद्यार्थी आहे, पदव्युत्तरला. आमच्याकडून एक खरं सांगतो. सर काय म्हणतात यापेक्षा सरांना काय आवडतं याचा अंदाज आम्ही पहिल्या पंधरवड्यात बांधतो आणि पेपरात तेच लिहितो. सीनियर सांगूनच ठेवतात, 'या मॅडमना अमुक शब्द आवडतात, त्या सरांसमोर तमक्याचं नाव काढू नकोस.' यात कोणी आमच्यावर जबरदस्ती करत नाही. मार्क हवे असतात, विषय संपतो. त्यामुळे 'आता कोणीतरी माझं म्हणणं खोडून काढा' असं सर म्हणतात तेव्हा वर्गातले बरेच जण मनात म्हणत असतात, नको रे बाबा.

आडवाट

मागचाबाक, म्हणूनच मी गुणांवर एवढा अडून बसलोय. वर्गात तोंडी दिलेल्या मोकळीकीला उत्तरपत्रिकेत पाठबळ नसेल तर मुलं तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

मी तपासताना काय करतो ते सांगतो. समजा दहा गुणांचा प्रश्न आहे: किमान वेतन वाढवल्याने रोजगार घटतो का, चर्चा करा. या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत खरोखरच मतभेद आहेत. कार्ड आणि क्रूगर यांनी किमान वेतन वाढलेल्या न्यू जर्सी आणि न वाढलेल्या पेनसिल्व्हेनियामधल्या फास्टफूड दुकानांची तुलना करून १९९४ मध्ये रोजगार घटल्याचं दिसत नाही असं मांडलं, त्यावर दुसऱ्यांनी वेगळी आकडेवारी वापरून उलट निष्कर्ष काढला, आणि वाद अजून मिटलेला नाही. तर माझ्या गुणतक्त्यात संकल्पनेला तीन, पुराव्याला तीन, स्वतःच्या बाजूवरचा सगळ्यात जड आक्षेप मांडून त्याला उत्तर देण्याला चार. निष्कर्षाला शून्य. 'घटतो' लिहा, 'घटत नाही' लिहा, तिथे गुणच नाहीत तर कापणार कुठून? हा तक्ता मी परीक्षेआधी वर्गात दाखवतो. पहिल्या पानावरचं नाव झाकून तपासतो. शिवाय माझ्या मताच्या कडक विरोधात गेलेल्या काही उत्तरपत्रिका, आणि माझ्या मताची री ओढणाऱ्याही काही, विभागातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतो. दुसऱ्या प्रकारच्या पेपरांत मी नकळत सैल सुटतोय का, हे त्यातूनच कळतं.

गणकयंत्र

शंखपुष्पीताई, तुम्ही हुकूमशाहीचं उदाहरण दिलंत. लोकशाहीत दोन्ही बाजू सारख्याच वेळ शिकवल्या की प्रश्न मिटायला हवा. घड्याळ लावा, निम्मं निम्मं.

शंखपुष्पी

प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू असतात आणि त्या समान वजनाच्या असतात हे कोणी ठरवलं?

आडवाट

यावर जर्मनीत झालेला विचार मला सगळ्यात उपयोगी वाटतो. पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षणावरून डाव्या-उजव्या अभ्यासकांत इतकं फाटलं होतं की १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी त्यांना एकत्र बसवावं लागलं. तिथून जी सूत्रं निघाली ती आजही पाळली जातात. विद्यार्थ्याला मतांच्या माऱ्याखाली चिरडायचं नाही, त्याचा निर्णय त्याला करू द्यायचा. विद्याशाखेत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून राजकीय परिस्थितीत उतरता आलं पाहिजे. ही सूत्रं शाळांसाठी होती, पण कॉलेजला तेवढीच लागू पडतात असं मला वाटतं.

यातलं दुसरं सूत्र उलट बाजूनेही वाचा. जाणकारांत ज्यावर वाद उरलेला नाही त्यावर वर्गात खोटा वाद उभा करायचा नाही. माणसाच्या कृतींमुळे पृथ्वी तापते आहे, याला घड्याळ लावून 'दुसरी बाजू' देणं म्हणजे मुलांची फसवणूक. त्यावर काय करायचं, खर्च कोणी उचलायचा, श्रीमंत देशांनी किती आणि गरिबांनी किती, यावर मात्र बाजू आहेत, दोनच नाहीत, चांगल्या पाच-सहा आहेत. त्या सगळ्या आल्या पाहिजेत, आणि प्रत्येक बाजू अशी यावी की ती मानणारा मागे बसलेला असेल तर त्याने म्हणावं, हो, आमचं म्हणणं हेच आहे.

न्यायपर्व

वकिली करते, म्हणून थोडं कायद्याचं बोलते. वर दोन स्वातंत्र्यांची सरमिसळ होते आहे. नागरिक म्हणून बोलण्याचं स्वातंत्र्य वेगळं आणि शिकवण्याचं वेगळं. चौकात उभं राहून पृथ्वी सपाट आहे असं कोणीही म्हणू शकतो. भूगोलाच्या प्राध्यापकाला वर्गात तसं शिकवता येत नाही, तिथे त्याला विषयाची शिस्त आहे. उलट त्याला जे संरक्षण लागतं ते चौकातल्या माणसाला लागत नाही: ज्यांच्याकडून पगार येतो त्यांना न आवडणारा निष्कर्ष सांगूनही नोकरी शाबूत राहणं.

अमेरिकेतली एक केस सांगते. पॉल स्वीझी या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्ये न्यू हॅम्पशर विद्यापीठात पाहुणा म्हणून व्याख्यान दिलं. राज्याच्या महाधिवक्त्याने त्याला बोलावून व्याख्यानात काय सांगितलं ते विचारलं. त्याने उत्तर द्यायला नकार दिला, अवमानाबद्दल दोषी ठरला, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. न्या. फ्रँकफर्टर यांनी वेगळं सहमतीचं निकालपत्र लिहिलं आणि त्यात विद्यापीठाची चार स्वातंत्र्यं उद्धृत केली: कोणी शिकवायचं, काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि कोणाला प्रवेश द्यायचा. आता हे चार मुद्दे जगभर अमेरिकेच्या नावावर चालतात, पण ते आले होते दक्षिण आफ्रिकेतून. वर्णद्वेषी सरकार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना केपटाउन आणि विटवॉटर्सरँड या विद्यापीठांची दारं बंद करू पाहत होतं, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी ते मांडले. तिथे सरकारने जुमानलं नाही. १९५९ मध्ये कायदा करून दारं बंद केलीच.

आणि अमेरिकेतही सगळं निकाली निघालंय असं समजू नका. २००६ च्या गार्सेटी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी कर्मचारी नोकरीचा भाग म्हणून जे बोलतो त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. हे सरकारी विद्यापीठातल्या शिकवण्याला लागू आहे का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने जाणूनबुजून उघडा ठेवला. तीच फट पुढे वापरली गेली. फ्लोरिडाने २०२२ मध्ये वंश आणि लिंगभेदाविषयी काही कल्पना वर्गात पुरस्कारून शिकवायला मनाई करणारा कायदा केला आणि न्यायालयात युक्तिवाद केला की सरकारी विद्यापीठातला प्राध्यापक वर्गात बोलतो ते सरकारचंच बोलणं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने विद्यापीठांपुरती त्या कायद्याला स्थगिती दिली. युक्तिवाद कुठवर जाऊ शकतो ते पाहा. वर्गातला प्रत्येक शब्द सरकारचा असेल तर सरकार बदललं की बेरोजगारीची व्याख्याही बदलायची का?

इतरत्र कायद्याने काही ठिकाणी स्पष्ट लिहिलंय. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातलं पाचवं कलम संशोधन आणि अध्यापन मुक्त असल्याचं सांगतं, आणि अध्यापनाच्या स्वातंत्र्याने संविधाननिष्ठेतून सुटका होत नाही असंही लगेच जोडतं. ब्रिटनच्या १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यात प्रस्थापित समजुती तपासायला आणि वादग्रस्त किंवा लोकांना न आवडणारी मतं मांडायला, नोकरी धोक्यात न येता, प्राध्यापकाला मोकळीक असावी असं म्हटलं आहे. भारताच्या संविधानात शैक्षणिक स्वातंत्र्य असं वेगळं नाव नाही. भाषणस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९(१)(अ) आहे आणि त्यावर १९(२) चे निर्बंध आहेत. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालातच म्हटलं होतं की वादग्रस्त प्रश्नांवर बोलायला शिक्षक हा इतर कोणत्याही नागरिकाइतकाच मोकळा असला पाहिजे. आणि ज्यांना शिक्षक व राजकारण ही सोयरीकच अमान्य आहे त्यांच्यासाठी: अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या जवळपास एक द्वादशांश जागांवर शिक्षकच प्रतिनिधी निवडून देतात. संविधान लिहिणाऱ्यांना शिक्षकाला राजकीय मत असणार याचं वावडं नव्हतं.

तासिका

ही चर्चा कायम नोकरीवाल्यांची चालली आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मला काढायला चौकशी लागत नाही, नोटीस लागत नाही. पुढच्या सत्रात बोलावलं नाही की झालं, आणि का बोलावलं नाही हे कोणी विचारत नाही, कारण मला काढलेलंच नसतं. आडवाट सरांनी जो प्रश्न वर्गात घेतला तो मी कधीच घेणार नाही. मला मत नाही म्हणून नव्हे. तीच व्याख्या मी दोन ओळींत लिहून देते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. मुलं वहीत उतरवतात. त्यांना वाटतं मॅडमना एवढंच येतं.

शंखपुष्पी

तासिका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून जीव कळवळला. तुम्ही सांगता तेच मूळ आहे. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्याची घटना रद्द केली तेव्हा गोटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला; परीकथांमुळे माहीत असलेले ग्रिम बंधू त्यातलेच. सातही जणांना कामावरून काढलं, तिघांना तर राज्याबाहेर घालवलं. आज तेवढा गाजावाजा करायची कोणाला गरजच उरलेली नाही. अर्धा विभाग तासिकेवर ठेवला की निषेधाचा कागद लिहिलाच जात नाही. नोकरीची शाश्वती ही प्राध्यापकांची चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तुमचा प्रतिसाद वाचावा.

पालवी

तासिकाताई, माझी मुलगी अशाच एका मॅडमविषयी म्हणाली होती की त्यांना काही विचारलं तर त्या घाबरतात. मला तेव्हा समजलं नव्हतं.

मागचाबाक

मोबाइलचा मुद्दा राहिला. आडवाट सर, तुम्हाला रेकॉर्डिंग आवडलं नाही असं दिसतंय. पण पालवीताईंच्या मुलीच्या सरांसारखं कोणी बोलत असेल तर आमच्याकडे दुसरा पुरावा काय असतो? तोंडी सांगितलं तर कोणी मानत नाही. सरांचा शब्द आणि आमचा शब्द यात कोणाचा चालतो ते तुम्हालाही माहीत आहे.

आडवाट

तुझा मुद्दा वाजवी आहे, पण मला धोका दुसरीकडे दिसतो. अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९१५ च्या पहिल्याच जाहीरनाम्यात हा प्रश्न आहे. त्यावेळी मोबाइल नव्हता, खळबळजनक वर्तमानपत्रं होती, आणि ती वर्गातली वाक्यं मोडतोड करून छापत. जाहीरनामा म्हणतो की वर्गातलं बोलणं जाहीर वक्तव्य समजू नये, कारण ते बऱ्याचदा विरोध जागा करण्यासाठी, वाद पेटवण्यासाठीच केलेलं असतं. मी गुलामगिरीच्या समर्थकांचा युक्तिवाद शिकवताना तो त्यांच्या तोंडून, त्यांच्याच जोरात मांडतो. त्याशिवाय एवढ्या शिकलेल्या माणसांना तो शतकानुशतकं का पटला ते कळत नाही. त्यातली वीस सेकंदं कापून बाहेर गेली तर मी गुलामगिरीचा समर्थक. आणि माझ्याहून मोठं नुकसान त्या मुलाचं, जो वर्गात काहीतरी अर्धकच्चं बोलून पाहतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी माणूस बोलता बोलताच विचार करायला शिकतो. त्याचं ते वाक्य जन्मभर इंटरनेटवर राहणार असेल तर तो बोलेलच कशाला?

न्यायपर्व

मी इथे आडवाट यांच्याशी पूर्ण सहमत नाही. विद्यार्थ्याच्या हातात पुरावाच नको म्हणणं म्हणजे बलवान बाजूला आणखी बळ देणं. संपूर्ण तासाचं रेकॉर्डिंग तक्रार निवारण समितीपुढे ठेवायला हरकत नसावी. हरकत कापलेल्या तुकड्याला आणि तो पसरवण्याला. आणि समितीत त्या विषयाची जाण असलेले लोक हवेत. गुलामगिरीचं समर्थन शिकवलं जात होतं की केलं जात होतं, हे विषय माहीत असणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं. बाहेरच्या जमावाला कधीच कळत नाही.

आडवाट

संपूर्ण तास, समितीपुढेच, आणि वर्गातल्या इतर मुलांचे आवाज बाहेर जाणार नाहीत या अटीवर मला मान्य आहे. तुकड्यांबाबत माझा विरोध कायम.

गणकयंत्र

संस्थेने स्वतः भूमिका घ्यावी का, यावर कोणी बोललं नाही. प्राचार्यांच्या सहीने एखाद्या राजकीय घटनेवर पत्रक निघतं तेव्हा तासिकाताईंसारख्यांचं काय होतं?

शंखपुष्पी

उत्तम प्रश्न. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्वेन समितीने १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्धावरून कॅम्पस धुमसत असताना, सांगितलं की विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नाही. संस्थेने बाजू घेतली की वेगळं मत असलेला प्राध्यापक आपोआप बाहेरचा ठरतो. शोधाच्या स्वातंत्र्यावरच घाला आला तर मात्र संस्थेने बोलायलाच हवं, असंही त्या अहवालात आहे. बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन विद्यापीठाला सरकारने कायदा करून इतकं जेरीस आणलं की २०१९ मध्ये त्याने शिकवणं व्हिएन्नाला हलवलं. तेव्हा त्या विद्यापीठाने तटस्थ राहायचं होतं असं कोणी म्हणणार नाही.

आडवाट

सत्राच्या पहिल्या तासाला द्यायचं एक टिपण या चर्चेतून तयार केलंय. सुधारणा सुचवा.

'या विषयात राजकीय प्रश्न येतील. कोणी विचारलं तर मी माझं मत सांगेन आणि ते माझं मत आहे असं सांगूनच सांगेन. विषयाशी संबंध नसलेल्या राजकारणावर तासाचा वेळ जाणार नाही. मत वेगळं असल्याबद्दल वर्गात कोणाची खिल्ली उडवली जाणार नाही, माझ्याकडूनही नाही आणि इतरांकडूनही नाही. उत्तरपत्रिकेत निष्कर्षाला गुण नाहीत. मत न जुळल्यामुळे गुण गेले असं वाटलं तर मला भेटा.'

न्यायपर्व

शेवटचं वाक्य बदला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच येऊन भेटायचं? मागचाबाक कधीच येणार नाही. विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापकाचं नाव द्या, आणि तिथे उत्तरपत्रिका नाव झाकून पुन्हा तपासली जाईल असं लिहा.

मागचाबाक

बरोबर, मी नसतो आलो. दुसऱ्या कोणाकडे गेलो असतो. आणि सर, गुणतक्ता या टिपणाच्या मागे छापून द्या. तो हातात असला की विचारायला आधार मिळतो.

आडवाट

दोन्ही घेतलं. विभागातल्या एका मॅडमना विचारलं, त्यांनी नाव द्यायला होकार दिला. त्यांच्या विषयाच्या उत्तरपत्रिका मी तशाच तपासून देणार. तासिकाताई, हे टिपण विभागाच्या नावाने काढता येतं का ते बघतोय. तुमच्या एकटीच्या सहीने ते निघू नये. सगळ्या विभागाचं असेल तर उद्या कोणी तुमच्याकडे बोट दाखवताना आम्हा सगळ्यांकडे दाखवावं लागेल.

तासिका

निघालं तर मी बेरोजगारीची व्याख्या दोन ओळींत उरकणार नाही, एवढं नक्की.

पालवी

आम्ही विभागप्रमुखांकडे अर्ज करतोय. सरांच्या मतांविषयी एक शब्द घातलेला नाही. अभ्यासक्रमातले कोणते घटक कोणत्या तारखेपर्यंत व्हायला हवे होते आणि त्यातले कोणते राहिले, एवढीच यादी. वर्गात विद्यार्थ्यांना मतांवरून नावं ठेवली जाऊ नयेत अशी एक ओळ शेवटी. मुलगी म्हणते सही माझी नको, तिची आणि वर्गातल्या मुलांची असू दे. सरांच्या पक्षाची मुलंही सही करताहेत.

न्यायपर्व

दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ असेल तर बाह्य परीक्षकासमोर गुणदान व्हावं अशी विनंती त्याच अर्जात घाला, वेगळा अर्ज नको.